मनाची पैसेवारी : दुर्मीळ आजारात मोबाइलवर रोजची नोंद कशी ठेवावी

मला मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे. शरीराचीच प्रतिकारशक्ती नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप अडवते. त्यामुळे सकाळी मी धडधाकट दिसते आणि दिवस कलला की पापण्या मिटायला लागतात. गावात या आजाराचं नाव कुणी ऐकलेलं नाही. "सकाळी तं चांगली होती, आता काय झालं हिले?" हे वाक्य मला पाठ आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून तीन महिन्यांतून एकदा नागपूर. रांगेत चार तास, डॉक्टरांसमोर पाच मिनिटं. "मन कसं असतं?" असं विचारलं की मी "बरं आहे" म्हणायची. त्या घडीला जे वाटे तेच मागच्या 90 दिवसांचं उत्तर. पैसेवारी म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज; बांधावर न जाता टेबलावर काढलेली पैसेवारीच ती! मग ठरवलं, पाहणी रोज शेतातच करायची.

आधी माप ठरवा. मी पैसेवारीच घेतली, कारण घरात ती सगळ्यांना कळते. 100 म्हणजे मन भरघोस पिकलं, 50 च्या खाली म्हणजे दुष्काळ. त्याच्या शेजारी अंगातल्या ताकदीचा आकडा वेगळा लिहा : "मन 70, ताकद 30". सगळ्यात मोलाचं काम हेच. आधी मी थकव्यालाच उदासी समजत होते. दोन आकडे शेजारी आले तेव्हा दिसलं, की संध्याकाळी ताकद उतरते, मन नाही. मन उतरतं ते कापूस वेचणीच्या दिवसांत, सगळे शेतात आणि मी एकटी घरी असते तेव्हा.

आजारागणिक हा हिशोब बदलतो. विल्सनच्या आजारात तांबं मेंदूत साठून माणसाचा स्वभावच पालटू शकतो. ड्युशेन हा स्नायू झिजवणारा आजार असलेल्या मुलाला स्टिरॉइडमुळे चिडचिड होऊ शकते. लेकरू "हट्टी झालं" म्हणून रागवण्याआधी गोळीचा डोस कधी बदलला ते तारखेसकट लिहा.

वेळा तीन पुरेत : सकाळच्या गोळीनंतर, दुपारी, दिवेलागणीला. गजर लावा. चुकलं तर रात्री आठवून भरू नका, जागा रिकामी सोडा.

लिहायचं कुठे? नवं अ‍ॅप शोधत बसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. रेंज नसली तरी तो थांबून राहतो, रेंज आली की जातो. मला संध्याकाळी एकाचे दोन दिसतात, म्हणून मी बोलूनच नोंद करते. आकड्यांनंतर एक शब्द आपल्या बोलीतला : करमत नाही, जीव घाबरते, राग राग येते. सोबत कारण सुचलं तर तेही : झोप, पाळी, ताप, ऊन. मे महिन्यातल्या उन्हात माझी ताकद हमखास पडते, तिथे मनाला दोष देण्यात अर्थ नाही. अ‍ॅप घ्यायचंच असेल तर ते संपर्कयादी आणि लोकेशन मागतं का ते पाहा, आणि परवानगी नाकारा. घरात फोन एकच असेल तर चॅटला कुलूप लावा. सासूबाईंबद्दलची नोंद सासूबाईंनी ऐकली की काय होतं, ते मी इथे सांगत नाही.

आकडे रोज चाळू नका, जीव त्यातच अडकतो. आठवडी बाजाराच्या दिवशी एकदा पाहा. दोन आठवडे बहुतेक दिवस मन 50 च्या खाली असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. स्टिरॉइड स्वतःच्या मनाने बंद करू नका. जगणं नकोसं वाटलं तर आकडा लिहीत बसू नका. घरच्या कुणाला तरी जवळ बसवा आणि टेलि-मानसच्या 14416 वर फोन करा. हा सरकारी नंबर दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. श्वास लागला किंवा घास गिळता येईना, तर नोंद राहू द्या, थेट दवाखाना गाठा.

नागपूरला जायच्या आदल्या रात्री सगळं एका कागदावर उतरवा : सर्वांत वाईट तीन दिवस, त्या दिवसांची कारणं, गोळ्या बदलल्याच्या तारखा. कागदच, कारण रांगेत फोनची बॅटरी संपते. मागच्या खेपेला डॉक्टरांनी तो कागद पाहून पहिल्यांदा विचारलं, "वेचणीच्या दिवसांत घरी सोबत कोण असतं?"