दिल्लीतील इंटर्नशिपचे सत्र : या चुका टाळा

अभियांत्रिकीच्या आठव्या सत्रात इंटर्नशिपसाठी दिल्लीला जाणारे आपल्याकडचे विद्यार्थी साधारणतः जानेवारीच्या आरंभी, ऐन थंडीत तेथे उतरतात. धुक्यामुळे गाड्या कित्येक तास रखडतात, म्हणून रुजू होण्याच्या आदल्या दिवशी पोहोचण्याचा बेत आखू नये; दोन दिवस हाताशी ठेवावेत. रजई तेथेच विकत घ्यावी. पुण्याच्या थंडीचा अनुभव तेथे फारसा उपयोगी पडत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कार्यालयाचा नेमका पत्ता कळण्यापूर्वीच, कोणी सीनियर राहतो एवढ्या आधारावर खोली ठरवणे. दिल्लीतले अंतर मेट्रो किती वेळा बदलावी लागते यावरून मोजलेले बरे. काम केंद्रीय सचिवालय स्थानकाजवळ असेल, तर नकाशावर जवळ दिसणाऱ्या लक्ष्मीनगरहून ब्ल्यू लाइनने येऊन मंडी हाऊसला व्हायोलेट किंवा राजीव चौकात यलो लाइन पकडावी लागते, आणि कार्यालयांच्या वेळेत राजीव चौकातील जिन्यांवर दादरच्या पुलाची आठवण येते. उलट मुखर्जीनगर लांब असले, तरी जवळच्या जीटीबी नगर स्थानकातून यलो लाइन थेट नेऊन सोडते. खोली आधीच घेतली असेल, तर अनामत रकमेवर पाणी सोडण्यापूर्वी गर्दी टाळण्यासाठी कार्यालयात अर्धा तास उशिरा येण्याची मुभा मागून पाहावी.

अनेक पीजींमध्ये (पेइंग गेस्ट खोल्यांमध्ये) वीजबिल भाड्यात धरलेले नसते. मालक सबमीटरवर, म्हणजे खोलीसाठी बसवलेल्या वेगळ्या मीटरवर, स्वतःच्या दराने आकारणी करतो. पहिल्याच दिवशी मीटरच्या आकड्याचे छायाचित्र काढून मालकाला पाठवले नाही, तर हीटरच्या महिन्याचे बिल पाहून वाद घालण्यास हाती काहीच उरत नाही.

कर्तव्य पथाच्या परिसरात काम असल्यास २६ जानेवारीपूर्वीच्या संचलन-सरावांमुळे बंद राहणारे रस्ते आधी पाहून ठेवावेत.

कागदपत्रांचा घोळ मात्र मे महिन्यात उघडकीस येतो. महाविद्यालयाच्या ना-हरकत पत्रातील आणि इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रातील तारखा जुळत नाहीत, किंवा ज्यांच्या हाताखाली काम केले ते अधिकारीच बदलून गेलेले असतात. यासाठी दर आठवड्याला कामाच्या नोंदवहीवर सही घ्यावी आणि प्रमाणपत्राचा मसुदा शेवटच्या पंधरवड्यापूर्वीच दाखवावा. परतीचे आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडते, आणि मुंबई सेंट्रलच्या दोन राजधानींपैकी एक नवी दिल्लीहून, तर दुसरी हजरत निजामुद्दीनहून सुटते. तिकिटावरील स्थानकाचे नाव सामान बांधण्यापूर्वी वाचावे.