आधी जोड बघा, मग गोष्ट ऐका

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी चार वर्षं काढली. आमच्याकडे क्रशरचे जबडे ओतायचे, मँगनीज स्टीलचे. पहिल्याच आठवड्यात मिस्त्रींनी हातात लोहचुंबक दिला आणि म्हणाले, "लावून बघा साहेब." चिकटला नाही. बारा-तेरा टक्के मँगनीज असलेल्या हॅडफिल्ड स्टीलला चुंबक धरत नाही, हे मला तिथं कळलं. पुढं नोकरीनिमित्त डेट्रॉइटला आलो, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी एम-१ हेल्मेटं जमवायचा नाद लागला आणि चुंबक परत खिशात आला. कारण एम-१चं बाहेरचं कवच याच स्टीलचं. १९४१ ते १९४५ मध्ये अशी २ कोटींहून जास्त कवचं तयार झाली. त्यातली बहुतेक याच डेट्रॉइट शहरातल्या मॅकॉर्डनं बनवली, जी कंपनी एरवी गाड्यांचे रेडिएटर बनवायची. उरलेली सेंट लुईसच्या श्लूटरनं.

माझं पहिलं हेल्मेट मी एका प्रदर्शनात घेतलं. विकणाऱ्यानं सांगितलं, हे फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, दोस्त राष्ट्रांच्या चढाईत उतरलेलं, जून १९४४. मी विश्वास ठेवला आणि साडेतीनशे डॉलर मोजले. घरी येऊन दिव्याखाली काठावरून बोट फिरवलं, तेव्हा मागच्या बाजूला, मानेवर येतो तिथं, नखाला एक जोड लागला. कवचाच्या कडेनं एक पातळ पट्टी वळवलेली असते. तिची दोन टोकं जिथं भेटतात तो हा जोड. सुरुवातीपासून तो पुढं, कपाळावर असायचा. १९४४च्या अखेरीस तो मागं नेला. म्हणजे माझं हेल्मेट बनलं तेव्हा नॉर्मंडीची चढाई होऊन काही महिने झाले होते. हेल्मेट अस्सल होतं, गोष्ट खोटी होती. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, पण तेव्हापासून एक शिस्त लागली: अख्ख्या हेल्मेटला एकच साल कधी लावायचं नाही. कवच, पट्टी, कड्या, पट्टा, लायनर म्हणजे कवचाच्या आत बसणारी हलकी टोपी, प्रत्येकाचं साल वेगळं काढायचं आणि ती एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं.

पट्टी बघतानाच तिच्यावरचा रंगही बघा. आधीच्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या. त्यावर रंग धरत नसे, त्यामुळं जुन्या हेल्मेटच्या कडेचा रंग उडून पांढरी चकाकी दिसते. नंतर पट्टीही मँगनीज स्टीलचीच केली. पुढं जोड असलेल्या हेल्मेटच्या कडेवर रंग सलग आणि ताजा असेल, तर ते नंतर कधीतरी पुन्हा रंगवलेलं आहे असं मी धरतो. मूळ रंगात बुचाच्या लाकडाचा भुगा असायचा, चमक मारू नये म्हणून. भिंगाखाली तो मऊ, ओबडधोबड दिसतो. युद्धानंतरच्या रंगात वाळू वापरली, तिचे कण टोकदार दिसतात.

आता कड्या. हनुवटीचा पट्टा ज्यात अडकतो त्या दोन कड्या सुरुवातीला कवचाला पक्क्या वेल्ड केलेल्या असत. हेल्मेट आपटलं की त्या वेल्डपाशी तुटत. म्हणून १९४३च्या उत्तरार्धात हलणाऱ्या कड्या आल्या. पक्क्या कडीला बाजारात भाव जास्त, त्यामुळं साध्या कवचावर नव्या कड्या वेल्ड करणारेही आहेत. छत्रीधारी सैनिकांच्या एम-२ हेल्मेटची इंग्रजी डी अक्षरासारखी कडी तर सर्रास बनवली जाते. नव्यांनी तिच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वेल्डच्या भोवतीचा रंग बघा. तिथं घासलेलं असेल, वेगळ्या छटेचा ठिपका असेल किंवा कडीच्या खालचा रंग झिजलेला नसेल, तर हेल्मेट परत टेबलावर ठेवा.

हीट नंबर हा माझा सगळ्यात आवडता भाग. फाउंड्रीत भट्टीच्या प्रत्येक हीटचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या खेपेचा, नंबर आम्ही ओतकामावर टाकायचो, तोच प्रकार. कवचाच्या आत, पुढच्या काठाजवळ दोन-तीन आकडे आणि बहुधा एक अक्षर ठोकलेलं असतं. श्लूटरच्या कवचावर सोबत इंग्रजी एस असतो. रंगाखाली नंबर बुजलेला असला तर खरवडू नका, हात जोडून सांगतो. तिरपा टॉर्च मारा, नाहीतर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, आकडे उमटतात. नंबरावरून महिना काढायची कोष्टकं संग्राहकांनी जुळवून केलेली आहेत. त्यांचा उत्तराला आधार घ्या, पण तेच उत्तर मानू नका. तिथंच काठाला बारीक तडा दिसला तर घाबरू नका. दाबून आकार देताना राहिलेल्या ताणामुळं युद्धकाळातल्या कवचांना असे तडे जातात.

पट्टा शिवलेला हवा. कडीला क्लिपनं अडकवलेला पट्टा युद्धानंतरचा. शिवलेला असला तरी अंधारात अतिनील टॉर्च मारून बघा. कापड किंवा दोरा निळसर पांढरा चमकला, तर त्यात आजकालची पांढरेपणा आणणारी रसायनं असण्याची शक्यता मोठी. मात्र कुणी जुना पट्टा आजच्या साबणानं धुतला असेल, तरी तो चमकतो. म्हणून मी आधी टाके बघतो आणि मग टॉर्च काढतो.

लायनर सहज बदलता येतं, म्हणून त्यावरून कवचाचं साल ठरवू नका. हॉली कंपनीचं दाबलेल्या तंतूंचं लायनर सगळ्यात जुनं. दमट हवेत ते टिकेना, म्हणून पुढं वेस्टिंगहाऊस, फायरस्टोन वगैरेंची प्लास्टिकची आली. आत टाळूपाशी कंपनीची खूण असते आणि युद्धकाळातल्या लायनरला कपाळावर बिल्ल्यासाठी एक छोटं भोक असतं.

ते पहिलं हेल्मेट मी विकलं नाही. त्याच्या आत एक चिठ्ठी ठेवली आहे: "कवच १९४४ अखेर ते १९४५. कड्या हलत्या, मूळ. पट्टा युद्धानंतरचा. लायनर वेस्टिंगहाऊस, दुसऱ्या हेल्मेटचं. नॉर्मंडी नाही."