परसातल्या पालेभाजीसाठी मातीपरीक्षण

जुन्या घराच्या परसात किंवा वर्दळीच्या रस्त्यालगत पालक, माठ, चाकवत लावायचा असेल, तर बी पेरण्याआधी माती तपासून घ्यावी. २०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत, म्हणजे सरकारी मातीपरीक्षणाच्या अहवालात, सामू (मातीची आम्ल-विम्लता), क्षारता आणि सेंद्रिय कर्बापासून जस्त, लोह, बोरॉनपर्यंत १२ बाबी असतात. शिसे आणि कॅडमियम हे विषारी धातू मात्र त्यांत नसतात. त्यामुळे पत्रिका चांगली आली म्हणून जमीन निर्धोक आहे, असे समजू नये. या दोन धातूंची तपासणी प्रयोगशाळेकडे वेगळी मागावी लागते. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीला इजा होते, म्हणून घरात लहान मुले असतील तर हा खर्च मी तरी टाळू देणार नाही.

नमुना घेताना पालापाचोळा दूर करून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावेत आणि त्यांच्या एका बाजूची दोन बोटे जाडीची माती वरपासून तळापर्यंत कापून घ्यावी. लोखंडी खुरपे आणि जस्ताचा मुलामा दिलेले घमेले वापरल्यास त्याच धातूंचे आकडे फुगतात, म्हणून लाकडी काठी आणि प्लॅस्टिकची बादली घ्यावी. सगळी माती मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असे करून ती सावलीत वाळवावी. शेणखताच्या ढिगाखालची माती घेऊ नये.

वळचणीखालची माती मात्र या नमुन्यात मुळीच मिसळू नये. तिचा नमुना वेगळा पाठवावा. भिंतीच्या जुन्या रंगाचे पोपडे पागोळ्यांबरोबर तिथेच साचतात, आणि घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, तरी त्याच्या धुरातून रस्त्यालगत पडलेले शिसे मातीच्या वरच्या थरात दीर्घकाळ टिकून राहते.

अहवाल वाचताना एक भेद ध्यानात ठेवावा: जस्त-लोहाचे आकडे पिकाला उपलब्ध असलेल्या भागाचे असतात, तर शिसे-कॅडमियमचे बहुधा एकूण प्रमाणाचे, त्यामुळे ते एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. कॅडमियम आम्ल जमिनीत पिकात सहज शिरते. म्हणून कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत सामू ६.५ च्या आसपास येईल इतका चुना आणि भरपूर कुजलेले शेणखत उपयोगी पडते. विदर्भ-मराठवाड्यातल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत मात्र चुना घालू नये, कारण तिथे आधीच जस्त आणि लोह मुळांना नीट मिळत नाही.

भाजीवरचे शिसे बरेचसे धुळीच्या रूपाने बसलेले असते आणि दोन-तीन पाण्यांनी धुतल्यावर पुष्कळ कमी होते. कॅडमियम पानाच्या आत असते, ते धुऊन जात नाही. ते जास्त निघाल्यास त्या वाफ्यात पालेभाजीऐवजी टोमॅटो, गवार, दुधी घ्यावेत, कारण फळांत ते पानांपेक्षा कमी पोहोचते. आणि वळचणीखाली झेंडू लावावा.