कायरोप्रॅक्टरचा खर्च हाताबाहेर का जातो? या चुका टाळा

कमरेत उसण भरली की माणूस घासाघीस करत नाही. वाकता येत नाही, रात्री कूस बदलताना जीव जातो. अशा वेळी कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणका आणि सांधे हाताने हलवून दुखण्यावर उपचार करणाऱ्याकडे, समोर जो कागद येईल त्यावर सही करून मोकळं व्हावंसं वाटतं. हिशेब बिघडतो तो बहुतेकदा तिथेच.

फक्त एका भेटीची फी विचारणं

फोनवर आपला प्रश्न ठरलेला: "एका सेशनचे किती?" उत्तर परवडणारं वाटतं आणि आपण वेळ घेतो. पण बिल फीवर ठरत नाही, भेटींच्या संख्येवर ठरतं. समजा, सांगितलं गेलं की पहिले दोन आठवडे तीनदा, पुढचे तीन आठवडे दोनदा आणि त्यानंतर चार आठवडे एकदा या. ऐकताना फार वाटत नाही, पण या झाल्या 16 भेटी. पहिल्या भेटीत तपासणी आणि माहिती घेणं असतं, म्हणून तिची फी बहुधा जास्त असते. शेक, करंट, ट्रॅक्शन (मणका ताणणं) यांचे पैसे कुठे फीमध्येच धरलेले असतात, तर कुठे वेगळे लावतात. येण्याजाण्याचा खर्च आणि कामाचे बुडालेले तास तर कोणीच मोजत नाही.

म्हणून प्रश्न बदला: "माझ्यासारख्या तक्रारीला साधारण किती भेटी लागतात? आणि कितव्या भेटीला तुम्ही पुन्हा तपासून पुढचं ठरवता?" दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर आलं नाही, तर मी तरी तिथे जाणार नाही.

पैसेही सगळ्या उपचारांसाठी एकदम बाजूला काढू नका, टप्प्याने काढा. पहिला टप्पा दोन ते चार आठवड्यांचा पुरे. सुरुवातीलाच लिहून ठेवा: किती मिनिटं सलग बसता येतं, बुटाची नाडी बांधता येते का, रात्री कितीदा जाग येते. टप्पा संपल्यावर हे आकडे हलले नसतील तर पुढचे पैसे थांबवा. पाठीतून 'कट्' आवाज आला म्हणजे काम झालं, असं धरू नका. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी जोडला जातो, तो बरं होण्याचा पुरावा नाही.

आणखी एक गोष्ट. नव्याने सुरू झालेली कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपही ओसरते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा दुखण्यासाठी शेक, मसाज, अॅक्युपंक्चर आणि मणक्याचं मॅनिप्युलेशन (कायरोप्रॅक्टर करतात तो हाताचा उपचार) हे पर्याय शेजारीशेजारी ठेवले आहेत. म्हणजे हा एक पर्याय आहे, एकमेव नाही.

सवलतीच्या पॅकेजला भुलणं

या चुकीत मी स्वतः पडलो आहे. 24 भेटी, 25 टक्के सूट, पैसे आधी. दहाव्या भेटीपर्यंत मी बरा झालो. उरलेले पैसे मागितले तेव्हा कळलं की झालेल्या भेटी सवलतीच्या दराने नाही, पूर्ण दराने मोजायच्या. बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

गणित सोपं आहे. 24 भेटींवर 25 टक्के सूट म्हणजे 18 भेटींचे पैसे. अठराव्या भेटीच्या आत बरे झालात आणि परतावा मिळत नसेल, तर सवलत तुम्हाला महागात पडली. शिवाय आधी पैसे भरले की थांबायचा धीर होत नाही, "भरलेत तर जाऊन येऊ" असं होतं.

पॅकेज घेऊन बसलाच असाल तर तोंडी बोलू नका. थांबण्याची तारीख लेखी कळवा, झालेल्या भेटींचा तपशीलवार हिशेब मागा आणि खात्यातून आपोआप हप्ता जात असेल तर तो बँकेकडूनही बंद करून घ्या.

सरसकट एक्स-रे काढून घेणं

धोक्याची लक्षणं नसतील तर दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या सहा आठवड्यांत मणक्याचा एक्स-रे वगैरे काढू नये, असं खुद्द अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननेच 2017 मध्ये सांगितलं आहे. सुधारणा पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा काढायलाही तिचा नकार आहे. त्यामुळे "कशासाठी?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

मात्र पडल्यानंतरचं दुखणं, ताप, कारण नसताना उतरणारं वजन, पूर्वीचा कर्करोग, पायातली ताकद कमी होणं असं काही असेल तर आधी डॉक्टर गाठा. मांड्यांमध्ये बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर थेट रुग्णालय. तिथे पैशांचा विचार नको.

"विम्यात बसतं" एवढ्यावर निर्धास्त होणं

बसतं, पण काय आणि किती? वर्षाला किती भेटी, डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) किती, आधी परवानगी किंवा डॉक्टरांची चिठ्ठी लागते का, हे विमा कंपनीलाच विचारा, क्लिनिकच्या काउंटरवर नाही. अमेरिकेतली मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना घ्या: ती कायरोप्रॅक्टरने हाताने केलेल्या मणक्याच्या उपचाराचे पैसे देते, पण त्याच कायरोप्रॅक्टरने सांगितलेल्या एक्स-रेचे किंवा मसाजचे नाही. एकाच बिलातल्या एका ओळीला होकार आणि पुढच्या ओळीला नकार येतो तो असा.

दावा फेटाळला गेला तर आधी कारण लेखी मागा. कधी फक्त उपचाराच्या नोंदी जोडायच्या राहिलेल्या असतात, आणि मुदतीत अपील केलं तर काम होतं.

दुखणं थांबल्यावरही जात राहणं

"महिन्यातून एकदा येत जा" हे वाक्य विमा कंपन्यांना सहसा पटत नाही. बरं वाटतं म्हणून जायचं असेल तर खुशाल जा, पण तो खर्च औषधपाण्यात न धरता हौसेत लिहा. त्याआधी घरी करायचे व्यायाम नीट शिकून घ्या. ब्रिटनमधल्या नाइस या उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या 2016 च्या सूचनांनुसार कंबरदुखीत हाताने करायचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यायचे आहेत. व्यायाम कोणी शिकवतच नसेल, तर तुम्ही अर्ध्याच उपचाराचे पूर्ण पैसे भरताय.