हंगाम संपला, काम थांबलं : बेरोजगारी भत्त्याला तुम्ही पात्र आहात का, हे कसं तपासाल?

मार्च-एप्रिलमध्ये साखर कारखान्याचा पट्टा पडतो. मे संपता संपता किनाऱ्यावरची हॉटेलं माणसं कमी करतात आणि पाऊस जवळ आला की वीटभट्ट्या थंड होतात. काम तिन्ही ठिकाणचं थांबलं, पण भत्त्याच्या बाबतीत तिन्ही ठिकाणच्या कामगारांची वाट वेगवेगळी आहे. 'काम गेलं की सरकार पैसे देतं' असा सरसकट नियम आपल्याकडे नाही. तुमचं नाव कुठल्या दप्तरात आहे, यावर सगळं ठरतं : ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा), कारखान्याच्या हंगामी यादीत, की गावच्या रोजगार हमीच्या जॉबकार्डावर. 'बेरोजगार भत्ता सुरू, लगेच फॉर्म भरा' असे मेसेज मोबाइलवर फिरत असतात, त्यातल्या लिंकवर आधार क्रमांक देण्याआधी हे दप्तर तपासा.

आधी पगाराची स्लिप काढा

स्लिपवर ईएसआयची कपात दिसते का ते बघा. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना हा विमा लागू होतो. कपात होत असेल, तर 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' तुमच्या कामाची. ही १ जुलै २०१८ ला सुरू झाली. तेव्हा सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळायची, २०२० मध्ये ती ५० टक्के झाली. भत्ता जास्तीत जास्त ९० दिवसांचा, तोही आयुष्यात एकदाच. योजनेची मुदत ठरावीक काळापुरती वाढवली जाते, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी ती चालू आहे ना, हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारून घ्या.

साखर कारखान्यातल्या कामगारांना मात्र हे दार बंद आहे. साखर, गूळ, कापसाचं जिनिंग-प्रेसिंग, शेंगा फोडणं असे उद्योग 'हंगामी कारखाना' या व्याख्येत बसतात आणि ईएसआयमधून वगळलेले आहेत. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा अपवाद तसाच ठेवला आहे. ज्यांना दरवर्षी ठरल्या महिन्यात घरी बसावं लागतं, त्यांनाच बेकारीच्या विम्याबाहेर ठेवायचं, हा न्याय मला तरी उलटा वाटतो. पण आज नियम तसा आहे.

७८ दिवसांचा हिशोब

ईएसआय असेल तर पुढची अट दिवसांची. वर्षाचे दोन हप्ते धरतात : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. किमान दोन वर्षांची विमापात्र नोकरी हवी. काम सुटण्याच्या लगतच्या हप्त्यात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, शिवाय त्याआधीच्या तीन हप्त्यांपैकी एकात तरी ७८ दिवस हवेत.

ऑक्टोबर ते मार्च राबणारा माणूस ७८ दिवसांच्या अटीत बहुतेक बसतो. ज्याचा हंगाम मेअखेर संपतो, त्यानं जपून हिशोब करावा. १ एप्रिल ते ३१ मे हे सगळे मिळून ६१ दिवस होतात, म्हणजे त्या हप्त्यात एकही खाडा न करताही ७८ चा आकडा गाठता येत नाही. अशा वेळी 'लगतचा हप्ता' म्हणून मार्चअखेर संपलेला हप्ता धरणार का, आणि मधल्या रिकाम्या महिन्यांमुळे दोन वर्षांच्या अटीला बाधा येते का, हे दोन्ही प्रश्न अर्ज करण्याआधी शाखेत विचारा. जाताना ईएसआयच्या पोर्टलवरची वर्गणीची नोंद छापून न्या, म्हणजे उत्तर तुमच्या आकड्यांवर मिळेल.

रक्कम काढताना हंगामी कामगाराला आणखी एक फटका बसतो. मागच्या चार हप्त्यांतली एकूण कमाई ७३० दिवसांनी भागतात, प्रत्यक्ष कामाच्या दिवसांनी नाही. समजा, पगार १८,००० आणि वर्षातून आठ महिने काम. दोन वर्षांची कमाई झाली २,८८,०००. ७३० ने भागल्यावर रोजचे साधारण ३९४ रुपये येतात, त्यांचे निम्मे १९७. ९० दिवसांचे झाले सुमारे १७,७५० रुपये. त्याच पगारावर बारमाही काम करणाऱ्याला सुमारे २६,६०० मिळतात. आकडा आधीच माहीत असला की बँकेत पैसे आल्यावर 'कमी का आले' म्हणून हेलपाटे घालावे लागत नाहीत.

काम सुटतानाच नोंद तपासा

अर्ज अडतो तो बहुधा इथे. मालक दर महिन्याला ऑनलाइन वर्गणी भरतो. कामगाराचे दिवस शून्य असतील तर समोर एक कारण निवडावं लागतं : रजेवर, नोकरी सोडली, काम नाही, कामगारकपात, अशी ती यादी असते. ऑफिसातला माणूस घाईत 'रजेवर' निवडून मोकळा होतो. मग ईएसआयच्या लेखी तुम्ही अजून नोकरीतच. काम खरंच संपलं असेल तर खरं कारण आणि कामाची शेवटची तारीख टाकायला सांगा, आणि महिन्याभरानं स्वतःच्या विमा क्रमांकानं लॉगिन करून ती चढली का बघा. पुढच्या हंगामाला परत बोलावणार म्हणून तुमचं नाव पटावरच ठेवलं असेल, तर तुम्ही बेकार ठरत नाही. हे मालकाशी आधीच बोलून घेतलेलं बरं.

काम सुटून ३० दिवस झाले की दावा करता येतो. दावा पोर्टलवर भरायचा, सोबत आधार आणि बँक पासबुकाची प्रत लागते. २०२० पासून तो मालकामार्फत पाठवण्याची गरज उरलेली नाही. गैरवर्तनावरून काढलेले, स्वेच्छानिवृत्ती घेतलेले किंवा बेकायदा संपात असलेले यांना हा लाभ नाही. ईएसआयची 'राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना' या नावाची दुसरी योजना आहे, पण ती कारखाना बंद पडणं, कामगारकपात किंवा कायमचं अपंगत्व यांसाठी. हंगाम संपणं त्यात मोडत नाही.

साखर कारखान्याचे सिझनल कामगार

यांनी 'ले-ऑफ'ची, म्हणजे तात्पुरत्या कामबंदीची, भरपाई मागण्यात वेळ घालवू नये, हंगामी स्वरूपाच्या आस्थापनांना ती तरतूद लागूच होत नाही. विचारायचं ते रिटेन्शन अलाउन्सबद्दल. बंद काळात सिझनल कामगाराला बांधून ठेवण्यासाठी हा भत्ता असतो. तो किती आणि कोणत्या वर्गाला, हे वेतन करारावर ठरतं. युनियनकडून कराराची प्रत घ्या आणि पुढच्या हंगामाला हजर होण्याची अट त्यात कशी लिहिली आहे ते वाचा. हजेरीच्या स्लिपा मात्र वर्षानुवर्षं जपा. कारखाना जितके दिवस चालला त्याच्या ७५ टक्के दिवस भरले की ग्रॅच्युइटीसाठी सेवा सलग धरतात, आणि हंगामी कामगाराला दर हंगामामागे सात दिवसांचं वेतन धरलं जातं.

गावी परतलेल्यांसाठी : काम मागा, तेही लेखी

ऊसतोड, वीटभट्टी, बागांमधली मजुरी करणाऱ्यांकडे ना स्लिप असते ना विमा क्रमांक. कोयता (ऊस तोडणारी जोडी) आणि उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) यांचा हिशोब मुकादमाच्या वहीत. त्यांना उरतो रोजगार हमीचा रस्ता. महाराष्ट्रानं हा हक्क १९७७ च्या कायद्यानंच दिला, २००५ चा केंद्राचा कायदा नंतर आला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्याच्या जागी 'विकसित भारत-जी राम जी' हा नवा कायदा मंजूर केला, त्यात कुटुंबामागे १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत सध्या कोणते नमुने चालू आहेत ते ग्रामसेवकाला विचारा. मागणीनंतर १५ दिवसांत काम न दिल्यास भत्ता, हे सूत्र नव्या कायद्यातही आहे.

जुन्या पद्धतीत जॉबकार्डसाठी नमुना १, काम मागण्यासाठी नमुना ४ आणि पोच म्हणून नमुना ५. तो नमुना ५ हातात आल्याशिवाय ग्रामपंचायतीची पायरी उतरू नका. भत्ता फार थोड्यांच्या हाती पडतो, आणि त्याचं मोठं कारण हेच की मागणी तोंडी होते. 'काम आलं की सांगतो' हे रोजगार सेवकाचं उत्तर तारीख म्हणून कुठेच नोंदलं जात नाही, आणि तारीख नाही तर १५ दिवस मोजायचे कुठून? पोच मिळत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि त्याची प्रत पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे द्या.

भत्त्याचा दर पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान पाव, त्यानंतर किमान निम्मा. २०२५-२६ साठी महाराष्ट्राची मजुरी ३१२ रुपये होती, म्हणजे रोज ७८ आणि नंतर १५६ रुपये. दिवस कुटुंबाचे मिळून मोजतात, नवरा-बायकोचे वेगळे नाहीत.

एक गोष्ट मागणी करण्याआधीच ठरवा. काम दिल्याचा निरोप आल्यावर १५ दिवसांत हजर झाला नाहीत, किंवा न सांगता आठवड्याहून जास्त गैरहजर राहिलात, तर २००५ च्या कायद्यानुसार तीन महिने भत्ता मागता येत नाही. म्हणून ज्या आठवड्यांत खरंच गावात असाल त्यांचीच मागणी करा. दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीची टोळी निघणार असेल, तर मागणी जून-जुलैतच टाका.