दिव्यांग सेवांच्या चौकशीची मागणी: सभागृहात उभे राहण्यापूर्वीची तयारी

दिव्यांगांसाठीच्या सेवांची चौकशी व्हावी या मागणीला सभागृहात उघड विरोध क्वचितच होतो. बहुधा ती लांबणीवर टाकली जाते. म्हणून भाषण लिहायला बसण्यापूर्वी याच विषयावर आधी कोणत्या समितीने काय सुचवले होते, ते कागद बाहेर काढावेत. ऑस्ट्रेलियात सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, समितीने नोव्हेंबर २०१५ मध्येच रॉयल कमिशन, म्हणजे साक्षी-पुरावे सक्तीने मागवू शकणारा चौकशी आयोग, नेमण्याची शिफारस केली होती. २०१७ मध्ये सरकारने ती फेटाळली आणि आयोग प्रत्यक्षात नेमला गेला तो एप्रिल २०१९ मध्ये. असा जुना अहवाल हाताशी असेल, तर त्यातील शिफारस, तिची तारीख आणि तिला मिळालेले सरकारी उत्तर एका पानावर उतरवून ठेवावे. वादात ते पान लांबलचक भाषणापेक्षा अधिक उपयोगी पडते.

समोरून येणारे पहिले उत्तर ठरलेले असते: यंत्रणा आहे, पोलीस आहेत, मग आणखी एक आयोग कशाला? ऑस्ट्रेलियाच्या सरकारनेही राष्ट्रीय दिव्यांग विमा योजनेसाठी येऊ घातलेल्या गुणवत्ता व सुरक्षा आयोगाकडे बोट दाखवले होते. मागणी करणाऱ्यांचे म्हणणे असे, की त्या आयोगाची नजर योजनेतल्या सेवांपुरतीच राहील, शाळा, रुग्णालये व तुरुंग तिच्या बाहेर राहतील, आणि जुन्या प्रकरणांना तर कोणी वालीच उरणार नाही. तेव्हा आपल्या प्रत्येक विद्यमान यंत्रणेपुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहून न्यावीत: ती पूर्वसूचना न देता तपासणी करू शकते का, कागदपत्रे मागवू शकते का, आणि तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते. ही किल्ली संस्थाचालकाच्याच ड्रॉवरमध्ये असेल, तर तेवढी एक गोष्ट सभागृहात नीट सांगावी. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचे १६ वे कलम अशा सर्व सेवांवर स्वतंत्र यंत्रणेची परिणामकारक देखरेख मागते; तो मजकूर मूळ शब्दांत सोबत असावा.

खरा कस लागतो तो कार्यकक्षेच्या मसुद्यात. ‘निवासी संस्थांमधील गैरप्रकार’ असे लिहिले, की घरी येऊन सेवा देणारे मदतनीस, शाळा आणि ने-आण करणारी वाहने आपोआप सुटतात. हे शब्द कधी अनवधानाने येतात, तर कधी मुद्दाम घातले जातात. डांबून ठेवणे, बांधून ठेवणे, गुंगीची औषधे देऊन शांत करणे, यांचा नावानिशी उल्लेख असावा, कारण ‘शिस्त’ किंवा ‘उपचार’ या सदरात ते सहज झाकले जातात. चौकशी किती वर्षे मागे जाणार, तेही लिहावे. नियामक संस्थेलाही चौकशीतून वगळू नये: इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयातला छळ मे २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने उघड केला, परंतु तिथल्याच एका माजी परिचारकाने नियामकाला त्याआधीच सावध केले होते.

अधिकारांच्या बाबतीत समन्स, शपथेवरची साक्ष आणि कागदपत्रे हजर करण्याची सक्ती यांपेक्षा कमी काही स्वीकारू नये. साक्षीदारांच्या गोपनीयतेची तरतूद मात्र पहिल्याच दिवशी मागावी. ऑस्ट्रेलियात आयोग संपल्यानंतर लोकांनी दिलेली खासगी माहिती सुरक्षित राहील का, याची हमी अपुरी होती, आणि तिच्यासाठी कायदा बदलायला २०२१ उजाडले. तोवर किती जणांनी बोलण्याचे टाळले असेल, हे कोण मोजणार? सांकेतिक भाषेचे दुभाषे, ब्रेलमधील व सोप्या भाषेतील कागद, आणि जो बोलू शकत नाही त्याची साक्ष घेण्याची पद्धत, यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरून घ्यावा.

सदस्य कोण, हा प्रश्न नाजूक असला तरी टाळू नये. त्याच खात्याचे माजी अधिकारी आयोगावर आले, तर ऑस्ट्रेलियात झाला तसा हितसंबंधांचा आक्षेप येणारच. आयोगावर दिव्यांग व्यक्ती असणे मला त्याहून महत्त्वाचे वाटते.

मतांचे गणित आदल्या दिवशी पुन्हा मांडावे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रॉयल कमिशनच्या मागणीच्या ठरावावरचे मतदान टाळण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या संसदेतील सत्ताधाऱ्यांनी प्रश्नोत्तराचा तास विक्रमी लांबवल्याची टीका झाली, आणि काही दिवसांतच तोच ठराव त्यांना मान्य करावा लागला. सत्तापक्षातील डळमळीत सदस्यांना त्यांच्याच मतदारसंघातील कुटुंबांनी आधी भेटलेले असावे.

शेवटी ठरावात अहवालानंतरच्या कामाचे कलम घालावे. ऑस्ट्रेलियाच्या आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये १२ खंडांत २२२ शिफारशी दिल्या, विशेष शाळा बंद कराव्यात की नाही यावर आयुक्तांमध्येच एकमत झाले नाही, आणि जुलै २०२४ मध्ये आलेल्या सरकारी उत्तरात बऱ्याच शिफारशी केवळ ‘तत्त्वतः’ मान्य ठरल्या. म्हणून सरकारी उत्तर कोणत्या तारखेपर्यंत पटलावर ठेवायचे हे ठरावातच लिहावे, आणि ‘तत्त्वतः मान्य’ असा शेरा असलेल्या प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार खाते, खर्चाचे शीर्ष आणि मुदत नोंदवणे बंधनकारक करावे.