जंगलात ब्लॅकबट कसं ओळखायचं

सिडनीकडे राहणारी आपली मंडळी वीकेंडला बुशवॉकला, म्हणजे जंगलात पायी भटकायला, जातात आणि "ही सगळी नीलगिरीच" म्हणून पुढे निघतात, त्यांनी निदान एक झाड तरी नीट ओळखायला शिकावं असं मला मनापासून वाटतं, आणि सुरुवातीला ब्लॅकबट सगळ्यात बरं. हीसुद्धा नीलगिरीचीच एक जात, शास्त्रीय नाव युकॅलिप्टस पिल्युलॅरिस, न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यापासून पार क्वीन्सलंडमधल्या मेरीबरोपर्यंतच्या किनारी जंगलांत सापडतं.

आधी पानं बघू नका, लांबट पानं सगळ्यांचीच असतात. खोडाजवळ उभं राहा आणि खालून वर नजर न्या. खालच्या साधारण अर्ध्या खोडाला खरखरीत, धाग्याधाग्यांची राखाडी-तपकिरी साल असते, वणवा येऊन गेला असेल तर कोळशासारखी काळी झालेली, आणि मग एका उंचीवर ती संपते आणि वर एकदम गुळगुळीत, पांढरट खोड आणि फांद्या. त्या गुळगुळीत भागावर कधीकधी नागमोडी रेघोट्या दिसतात, त्या सालीच्या आत पोखरणाऱ्या पतंगाच्या अळ्यांच्या.

शेजारच्या दुसऱ्या नीलगिरींपासून वेगळं ओळखायला खरखरीत साल कुठे संपते तेच महत्त्वाचं. सिडनी ब्लू गमला ती फक्त बुडाशी, मोजा घातल्यासारखी. स्ट्रिंगीबार्कला पार वरच्या फांद्यांपर्यंत. खरी गल्लत होते सिडनी पेपरमिंटशी, त्याचीही साल खोडावर खरखरीत असते, पण ती मोठ्या फांद्यांवरही चढते, आणि पान चुरगळलं की पेपरमिंटचा वास येतो. तरी शंका असेल तर खाली पडलेली फळं शोधा, पेपरमिंटचं फळ तोंडाशी आवळलेल्या मडक्यासारखं, ब्लॅकबटचं जेमतेम १ सेंमीचं, अर्धगोल किंवा शंकूसारखं, मानेशी न आवळलेलं. कळ्या बहुतेक ७ किंवा जास्तच्या झुपक्यात, कळीवरच्या टोपीसारख्या झाकणाला टोक असतं, पांढरी फुलं साधारण सप्टेंबर ते मार्च.

सिडनीच्या सेंट आयव्हज भागातल्या डॅलरिंपल-हे नेचर रिझर्वमध्ये ब्लू गम आणि ब्लॅकबट शेजारी शेजारी उभे आहेत, फरक तिथे झटकन कळतो. पानं, फळं तोडू मात्र नका, खाली पडलेलं बघून तिथेच ठेवा. आणि जोराचा वारा असेल तर ह्या झाडांखाली डबा उघडून बसू नका, फांद्या खरंच पडतात.